विद्यापीठांचा अनुशेष कोण मोजणार?

गडचिरोलीहून सिरोंचा रस्त्याने दोनशे किलोमीटरांहून लांब आहे. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटायचा, हे त्या भागाने वर्षानुवर्षे पाहिले आहे. या तालुक्यांतल्या मुलामुलींचे विद्यापीठ पूर्वी नागपूरला होते. २०११ साली गडचिरोली आणि चंद्रपूर हे दोन जिल्हे वेगळे काढून गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. जिल्ह्याच्या गावी विद्यापीठ आले, ही काही लहान गोष्ट नव्हे. पण या वाटणीत गोंडवानाच्या पदरात काय पडले? संलग्न महाविद्यालये पडली. १९२३ पासून उभे राहत गेलेले विभाग, प्रयोगशाळा, ग्रंथालये आणि त्या विभागांतली मंजूर पदे नागपुरातच राहिली. ती राहणारच होती; इमारती उचलून नेता येत नाहीत. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. जे नेता आले नाही ते नव्याने उभे करायला किती पैसे लागतील, ते कोण देणार आणि किती वर्षांत देणार, हे कोणत्याही कायद्यात लिहिले गेले नाही.

जळगावला १९९० साली, नांदेडला १९९४ साली, सोलापूरला २००४ साली विद्यापीठ आले. सोलापूरचे तर एकाच जिल्ह्यापुरते. प्रत्येक वेळी मागणी रास्त होती, आंदोलने खरी होती, आणि घोषणा झाल्यावर गुलाल उधळला गेला. नंतर कुलगुरूंच्या मंत्रालयात फेऱ्या सुरू झाल्या. पदांचा आकृतिबंध मंजूर करून घ्या, मग त्यातली भरायला परवानगी घ्या, मग वित्त विभागाचा शेरा काढून घ्या. ज्या कुलगुरूंची ऊठबस चांगली, त्यांची फाइल हलते. सार्वजनिक पैशाच्या वाटपाची ही पद्धत असू शकत नाही. राज्याने आपल्या विद्यापीठांना पैसा कोणत्या सूत्राने द्यायचा, हे विद्यापीठ कायद्यातच लिहिले पाहिजे. शासन निर्णयात किंवा एखाद्या योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत ते लिहून भागणार नाही.

आधी पैसा येतो कसा ते पाहू. आपल्या अकृषी विद्यापीठांना राज्याकडून मिळणारी रक्कम मुख्यतः वेतनाची असते, आणि वेतन मंजूर पदांवर मिळते. पदे मंजूर झाली ती त्या त्या काळच्या परिस्थितीत. मुंबई १८५७ चे, पुणे १९४९ चे, मराठवाडा १९५८ चे, शिवाजी विद्यापीठ १९६२ चे. सरकार सढळ हाताने विभाग उघडत होते त्या काळात जे उभे राहिले, त्यांच्याकडे पदे आहेत. हात आखडल्यानंतर जे जन्मले, त्यांच्याकडे मोजकी. म्हणजे आजच्या विद्यार्थ्यामागे राज्य किती खर्च करते, हे विद्यार्थ्याच्या गरजेवर ठरत नाही, विद्यापीठाच्या जन्मसालावर ठरते. त्यात देणगीदारांचा वारसा वेगळाच. प्रेमचंद रायचंदांनी आईच्या नावाने मनोरा बांधायला पैसे दिले तो मुंबई विद्यापीठाला. गडचिरोलीला प्रेमचंद रायचंद कुठून मिळणार?

दुसरा प्रवाह विद्यापीठाच्या स्वतःच्या निधीचा. संलग्नीकरण शुल्क, पात्रता शुल्क, परीक्षा शुल्क. पदवीच्या एखाद्या विद्यार्थ्याची शुल्काची पावती हातात घेऊन बघा. शिक्षण शुल्काच्या आकड्याखाली बारीक बारीक रकमांची रांग असते: परीक्षा शुल्क, गुणपत्रिका, ई-सुविधा, विद्यार्थी कल्याण निधी, आपत्ती व्यवस्थापन, अश्वमेध क्रीडास्पर्धा. दोनशे, पन्नास, तीस, दहा रुपये. एकेकटी रक्कम किरकोळ वाटते. पण गुणिले सहा-सात लाख विद्यार्थी केले की त्यातून ठेवी उभ्या राहतात, आणि गुणिले काही हजार केले की प्रश्नपत्रिका छापण्याचा खर्चही जेमतेम निघतो. परीक्षा विभाग, संगणक प्रणाली, कुलसचिवांचे कार्यालय हे खर्च लहान विद्यापीठाला टळत नाहीत. मग ते दोनच गोष्टी करू शकते. शुल्क वाढवायचे, म्हणजे आदिवासी आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातून आणखी पैसे काढायचे. नाहीतर कामे कंत्राटावर द्यायची. बहुतेक ठिकाणी दोन्ही होते.

महाविद्यालयांच्या बाबतीत तर सरळ एक तारीखच आडवी पडली आहे. २४ नोव्हेंबर २००१. त्यानंतर परवानगी मिळालेली महाविद्यालये कायम विनाअनुदानित. शहरांतली आणि सहकारी पट्ट्यातली महाविद्यालये त्या तारखेच्या कितीतरी आधी उभी राहून अनुदानावर आली होती. ज्या तालुक्यांत शाळाच उशिरा पोचली, तिथे महाविद्यालयही उशिरा आले आणि रेषेच्या पलीकडे राहिले. कुणाला वाईट हेतू चिकटवायची गरज नाही. तिजोरीची ओढाताण होती, रेषा कुठेतरी ओढायची होती. पण समान नियम असमान जमिनीवर ओढला की काय होते, याचा हा स्वच्छ नमुना आहे. ४ मे २०२० च्या शासन निर्णयाने कोरोनाकाळात नोकरभरती थांबली तेव्हाही हेच झाले. पंचवीस प्राध्यापकांच्या विभागात पाच जागा रिकाम्या राहिल्या तर वेळापत्रक ओढून ताणून बसवता येते. दोनच मंजूर पदे असलेल्या विभागात एक निवृत्त झाला की विभाग म्हणजे एक माणूस आणि चार तासिका तत्त्वावरचे. तो एक माणूस विभागप्रमुख, प्रवेश समिती, नॅक मूल्यांकनाचा समन्वयक आणि पीएच.डी.चा मार्गदर्शक असतो. तासिकावाले जूनमध्ये येतात आणि सत्र संपले की त्यांचे मानधन थांबते.

मग नॅकची समिती येते आणि विचारते, पूर्णवेळ अध्यापक किती? संशोधन किती? गुण कमी पडतात. गुण कमी म्हणून श्रेणी खाली, श्रेणी खाली म्हणून स्वायत्ततेच्या सवलती नाहीत आणि केंद्राच्या निधीसाठी बाजू लंगडी. रुसा असो की २०२३ नंतरची पीएम-उषा, स्पर्धेतून पैसा वाटणाऱ्या योजनांचा प्रस्ताव लिहायलाही माणसे लागतात. ती ज्यांच्याकडे नाहीत, त्यांना तो पैसा मिळण्याची शक्यताही कमी. गुणवत्तेला बक्षीस द्यावे, याला माझा विरोध नाही. पण पाया भरायचे पैसे बक्षीस म्हणून वाटणे हा शुद्ध उलटा कारभार आहे.

आता कायदा काय म्हणतो? महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा १ मार्च २०१७ पासून लागू आहे. त्याचे आठवे कलम राज्य शासनाच्या नियंत्रणाचे. शासनाच्या पूर्वमान्यतेशिवाय विद्यापीठाने नवीन पद निर्माण करायचे नाही, वेतनभत्ते बदलायचे नाहीत. पंचवार्षिक बृहत् आराखडा करायचा, तो मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या उच्च शिक्षण आयोगापुढे, म्हणजे माहेडपुढे जायचा. कुलगुरूंची निवड, अधिसभा, व्यवस्थापन परिषद, लेखे, सगळे तपशीलवार. विद्यापीठ निधीत कोणकोणत्या रकमा जमा व्हाव्यात, त्याचीही यादी आहे आणि तीत राज्याचे अनुदान आहे. फक्त ते किती, कशाच्या आधारे, याबद्दल कायदा मौन पाळतो. विद्यापीठाने काय करू नये हे शासन कायद्याने सांगते; शासनाने काय दिलेच पाहिजे हे कुणीच सांगत नाही. शताब्दी उलटलेल्या विद्यापीठाला आणि दहा-पंधरा वर्षांच्या विद्यापीठाला आठवे कलम सारखेच लागू.

गंमत अशी की अशी तूट मोजण्याची विद्या महाराष्ट्राला कुणी शिकवायची गरज नाही. १९८३ साली वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. पुढच्या वर्षी तिने अहवाल दिला. रस्ते, सिंचन, वीज, आरोग्य, सामान्य शिक्षण, तंत्रशिक्षण अशा क्षेत्रांत प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीपासून किती मागे आहे हे मोजून तिने त्या अंतराची किंमत काढली. सुमारे ३,१८७ कोटी रुपये. अनुशेष हा शब्द तेव्हापासून विधिमंडळाच्या रोजच्या बोलण्यात आला. संविधानाच्या अनुच्छेद ३७१(२) प्रमाणे १९९४ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी तीन विकास मंडळे झाली, राज्यपालांनी निधीवाटपाचे निर्देश दिले. हे सारे बिनदोष नव्हते. सिंचनाच्या अनुशेषाने बाकी सगळे झाकून टाकले, आणि प्रदेश विरुद्ध प्रदेश अशी जी भांडणे लागली त्यात प्रदेशाच्या आतली विषमता दिसेनाशी झाली. विजय केळकर समितीने २०१३ च्या अहवालात तालुका हा घटक धरला तो याच कारणाने. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. पण मोजण्याची सवय लागली होती हे खरे. हेक्टर मोजले, किलोमीटर मोजले, खाटा मोजल्या. विद्यापीठे तेवढी मोजायची राहिली.

जे आपण १९८४ मध्ये जिल्ह्यांसाठी केले, ते अमेरिकेतले इलिनॉय राज्य आता विद्यापीठांसाठी करू पाहत आहे. आपल्याकडची मुले एम.एस.साठी ज्या अर्बाना-शॅम्पेनला जातात ते त्याच राज्यातले सरकारी विद्यापीठ. शिकागोच्या दक्षिण भागातले, मुख्यतः कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे शिकागो स्टेटही त्याच राज्याचे. २०१५ ते २०१७ या काळात गव्हर्नर आणि विधिमंडळ यांच्या भांडणात राज्याचा अर्थसंकल्पच अडकला. पैसे सगळ्याच विद्यापीठांचे थांबले. अर्बाना-शॅम्पेनकडे परदेशी विद्यार्थ्यांचे शुल्क होते, देणग्या होत्या, ते तगले. शिकागो स्टेटने २०१६ च्या वसंतातली सुटी रद्द करून सत्र लवकर गुंडाळले, कर्मचाऱ्यांकडून कार्यालयांच्या किल्ल्या परत मागवल्या आणि सुमारे तीनशे जणांना, म्हणजे जवळजवळ एकतृतीयांश कर्मचाऱ्यांना, घरी पाठवले.

त्या अनुभवानंतर २०२१ मध्ये इलिनॉयने कायदा करून एक आयोग नेमला. मार्च २०२४ च्या अहवालात आयोगाने विद्यार्थ्यांच्या गरजेप्रमाणे प्रत्येक विद्यापीठाला पुरेसा निधी म्हणजे किती, ते ठरवले, त्यातून उपलब्ध साधने वजा केली आणि राज्यभराची तूट सुमारे १.४ अब्ज डॉलर काढली. त्यावरून २०२५ मध्ये विधेयक आले. कुणाचा आजचा निधी कापायचा नाही, पण जो नवा पैसा येईल त्यातला मोठा वाटा ज्याची तूट मोठी त्याला, असा त्याचा गाभा. शाळांसाठी तसे सूत्र त्या राज्याने २०१७ मध्येच लागू केले होते. विरोध कुणी केला? इलिनॉय विद्यापीठ समूहाने, म्हणजे ज्यांची तूट सर्वांत कमी त्यांनी. यात नवल नाही. आपल्याकडे असे विधेयक आले तर पहिला आवाज पुण्या-मुंबईतून उठेल हे मी आजच सांगून ठेवतो.

आणि तो आवाज अगदीच खोटा नसेल. पुणे विद्यापीठाच्या अनेक विभागांचा गाडाही कंत्राटी शिक्षकांवर चालतो. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या निकालांचा जो घोळ झाला, तो मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंतचा पसारा एका परीक्षा विभागावर टाकल्याचाही होता. शिवाय पुणे म्हणजे फर्ग्युसन रस्ता नव्हे. सुरगाणा आणि अकोलेही त्याच विद्यापीठात येतात. म्हणून मोजणी प्रदेशाची नको. विदर्भाला इतके, मराठवाड्याला तितके असे टक्के पाडले की दांडेकर समितीनंतरचेच भांडण नव्या मैदानात सुरू होईल. मोजायचा तो विद्यार्थी, आणि तो कुठल्या तालुक्यातून, कुठल्या घरातून येतो ते.

कायद्यात काय असावे, हे फार गुंतागुंतीचे नाही. विद्यापीठ कितीही लहान असो, ते चालायला एक किमान पाया लागतो: परीक्षा विभाग, ग्रंथालय, प्रत्येक विभागात अमुक इतके पूर्णवेळ अध्यापक. तो पाया सर्वांना सारखा. त्यावर दर विद्यार्थ्यामागे रक्कम, आणि ही रक्कम सर्वांसाठी एकच नको. घरातला पहिलाच पदवीधर होणारा, आदिवासी, दुर्गम तालुक्यातला, प्रयोगशाळा लागणाऱ्या विषयाचा, अशांचे वजन जास्त. यातून विद्यापीठाची स्वतःची उत्पन्नक्षमता वजा करायची. क्षमता म्हणतो, प्रत्यक्ष उत्पन्न नाही; नाहीतर ज्याने शुल्क वाढवले नाही त्याला लाभ आणि ज्याने वाढवले त्याला दंड, असे काहीतरी विचित्र होऊन बसेल. जे उरते तो अनुशेष. नवा निधी अनुशेषाच्या प्रमाणात द्यायचा. विद्यार्थी मोजायचे ते प्रवेशाच्या यादीवरून नको, परीक्षेला प्रत्यक्ष बसलेल्यांवरून. पटावरचे आकडे फुगवण्याची कला आपल्याकडे शाळांनी बरीच प्रगत केलेली आहे. आणि हा सगळा तक्ता दरवर्षी अर्थसंकल्पासोबत दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवायचा. सूत्र मोडले तर का मोडले, हे वित्तमंत्र्यांनी लेखी सांगायचे.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की कायदा करून पैसा येतो का? विधिमंडळ आपल्याच पुढच्या अर्थसंकल्पाचे हात बांधून ठेवेल का? याचे उत्तर राज्यातल्या पगारपत्रकात आहे. व्यवसाय कर म्हणून बहुतेक नोकरदारांचे दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापले जातात. १९७५ सालच्या कायद्याने बसवलेला हा कर रोजगार हमीसाठी होता. १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने स्वतंत्र निधी उभारला आणि करातून येईल तेवढीच रक्कम राज्याने आपल्या बाजूने घालावी असे ठरवले. त्या निधीच्या वापराबद्दल पुढे तक्रारी झाल्या, त्या रास्तही होत्या. तरीही दुष्काळात काम मागायला आलेल्या बाईला तहसीलदार ‘तरतूद नाही’ असे कायद्याने म्हणू शकत नव्हता. ज्या राज्याने शेतमजुराच्या कामाचा हक्क कायद्यात घालून त्याला पैशाची वाट करून दिली, त्याने विद्यापीठांसाठी ते जमणार नाही म्हणू नये.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो: इतकी विद्यापीठे हवीतच कशाला? शेजारच्या कर्नाटकाने २०२२-२३ च्या सुमारास चामराजनगर, हासन, कोडगू, कोप्पळ अशा ठिकाणी विद्यापीठे काढली, प्रत्येकी जेमतेम दोन कोटींच्या बळावर. फेब्रुवारी २०२५ मध्ये मंत्रिमंडळाच्या उपसमितीने नऊ नवी विद्यापीठे बंद करण्याची शिफारस केली. सरकार बदलले म्हणून हे झाले असे एक बाजू म्हणते, पैसाच नव्हता असे दुसरी. दोन्ही खरे असेल. पण त्यातून विद्यापीठे काढूच नयेत असा अर्थ निघत नाही. पहिल्या दहा वर्षांच्या खर्चाची तरतूद विधेयकासोबत दाखवल्याशिवाय विद्यापीठ स्थापन करता येणार नाही, असे कलम हवे. ते असते तर आपल्याकडच्या काही घोषणा झाल्याच नसत्या, आणि झाल्या त्या विद्यापीठांना आज हात पसरावे लागले नसते.

विद्यार्थ्यांना थेट सवलत दिली की झाले, असेही म्हटले जाते. जुलै २०२४ मध्ये राज्याने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या, ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. निर्णय चांगला आहे, त्याचे स्वागतच केले पाहिजे. मात्र शुल्कमाफीने मुलगी वर्गापर्यंत येते. वर्गात शिकवणारे कोण आहे, प्रयोगशाळेत काय आहे, हे त्याने ठरत नाही. उलट, प्रतिपूर्तीचा पैसा जिथे अभ्यासक्रम जास्त आणि महाग तिथे जास्त जातो. सवलत आणि संस्था या दोन्हींसाठी पैसा लागतो, आणि संस्थेचा पैसा हा मतांच्या हिशेबात दिसत नाही, म्हणूनच तो कायद्याच्या आधाराशिवाय टिकत नाही.

आणि हा प्रश्न थोड्यांचा नाही: निती आयोगाच्या फेब्रुवारी २०२५ च्या अहवालानुसार देशातल्या उच्च शिक्षणातले ८१ टक्के विद्यार्थी राज्यांच्या सार्वजनिक विद्यापीठांच्या छत्राखाली शिकतात. चर्चा मात्र आयआयटींची आणि नव्या खासगी विद्यापीठांच्या जाहिरातींची.

नागपूर करारामुळे दरवर्षी विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात भरते. १९५३ च्या त्या करारात शिक्षणसंस्थांतल्या प्रवेशांतही लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा कबूल केला होता. सूत्र घालणारे विद्यापीठ कायद्याचे दुरुस्ती विधेयक तयार व्हायला वेळ लागेल, समित्या बसतील, हरकती येतील. त्याआधीची एक गोष्ट नागपूरच्या येत्या हिवाळी अधिवेशनातच होऊ शकते आणि तिला कायदा लागत नाही. राज्यातल्या प्रत्येक सार्वजनिक विद्यापीठाला गेल्या दहा वर्षांत राज्याने दर विद्यार्थ्यामागे किती रुपये दिले, मंजूर पदे किती आणि भरलेली किती, एवढा एकपानी तक्ता सभागृहात मागायचा. त्यासाठी एक तारांकित प्रश्न पुरतो. आपल्या आमदारांना तो विचारायला सांगा.